हसवणाऱ्या नटाचे गांभीर्य

धर्मग्रामातील घरभेटींच्या वेळी हल्ली एक प्रश्न आम्हांला वारंवार विचारला जातो. ‘फादर, घरातल्या सगळ्यांना एकत्र बसून पाहता येईल असा एखादा चांगला विनोदी चित्रपट सांगाल का?’ विचारणारी बहुधा घरातील आई असते आणि तिचा प्रश्न दिसतो तितका किरकोळ नसतो. आजी दूरदर्शनसंचासमोर, वडील बातम्यांत आणि मुले आपापल्या मोबाईलच्या पडद्यात, अशी संध्याकाळ आता बहुतेक घरांत असते. रोझरी आटोपली की जो तो आपला कोपरा गाठतो. सर्वांनी मिळून हसावे एवढेच त्या माउलीला हवे असते. त्यातही पंचाईत अशी की विनोदी म्हणून लावलेला चित्रपट कित्येकदा दहा मिनिटांत बंद करावा लागतो व सारे एकमेकांची नजर चुकवीत उठतात.

नुसती यादी देऊन हा प्रश्न सुटणार नाही. म्हणून या लेखात काही चित्रपटांची शिफारस करताना ती कोणत्या कसोटीवर केली, तेही आम्ही सांगणार आहोत. कसोटी पटली तर पुढची निवड वाचकांना स्वतःच करता येईल.

विनोदी चित्रपट पाहताना आम्ही प्रथम नटाकडे पाहतो. आपण विनोदी आहोत हे त्या पात्राला ठाऊक आहे काय, एवढेच आम्ही स्वतःला विचारतो. ते ठाऊक असेल तर नट प्रेक्षकांकडे हशाची याचना करू लागतो. तोंड वेडेवाकडे करतो, आवाज चढवतो, आणि तेवढ्यानेही भागले नाही तर द्व्यर्थी शब्दांचा आश्रय घेतो. उलट पात्र आपल्या विवंचनेत पुरते बुडालेले असेल, तर आपण हसतो आणि हसता हसता त्या माणसाविषयी आपल्याला जिव्हाळाही वाटू लागतो. चार्ली चॅप्लिन यांच्या ‘द गोल्ड रश’ (१९२५) या मूकपटात उपासमारीने व्याकूळ झालेला नायक आपला बूट शिजवून खातो. बुटाची नाडी तो शेवयांसारखी गुंडाळून तोंडात घालतो, खिळे हाडांसारखे चोखतो, आणि हे सारे मेजवानीस बसलेल्या सभ्य गृहस्थाच्या ऐटीत करतो. प्रेक्षक पोट धरून हसतात. परंतु त्याची भूक खरी आहे आणि चॅप्लिन एक क्षणही ती विसरत नाहीत. विनोदी अभिनयाचे मर्म आम्हांला येथे सापडते. नटाने विनोद सांभाळावयाचा नसतो, पात्राची गरज सांभाळावयाची असते. हशा तिच्यामागून आपोआप येतो.

या कसोटीवर आमच्या यादीत पहिले स्थान हृषिकेश मुखर्जी यांच्या ‘गोलमाल’ (१९७९) या चित्रपटाचे. रामप्रसाद नावाच्या तरुणाला नोकरी हवी आहे. मालक भवानीशंकर यांचा दंडक असा की ज्याला मिशी नाही त्याला चारित्र्य नाही, आणि खेळात रमणारे तरुण तर कुचकामाचेच. रामप्रसाद मिशी राखून, आखूड सदरा घालून, खेळांविषयी घोर अज्ञान पांघरून नोकरी मिळवतो. पुढे रजा घेऊन हॉकीचा सामना पाहताना मालकांच्या दृष्टीस पडतो आणि बिनमिशीचा जुळा भाऊ निर्माण करणे त्याला भाग पडते. एका खोट्याच्या पाठीवर दुसरे खोटे चढत जाते. आईचे सोंग घेणाऱ्या दीना पाठक यांच्यावर तर मालकांना चकवण्यासाठी स्वयंपाकघराच्या खिडकीतून आत शिरण्याची पाळी येते.

अमोल पालेकर यांनी हे दोन भाऊ नुसत्या मिशीने वेगळे केलेले नाहीत. रामप्रसाद बोलताना खांदे किंचित आत घेतो, त्याचे शब्द अदबीने बाहेर पडतात. लक्ष्मणप्रसाद पाय पसरून बसतो आणि मालकांच्या डोळ्यांत पाहून बोलतो. आणि या दोघांच्या पाठीमागे पकडले जाण्याच्या भीतीने घामाघूम झालेला तिसरा, खरा तरुण आपल्याला सतत दिसत राहतो. एकाच वेळी तीन माणसे दाखवणे ही सोपी गोष्ट नव्हे. ‘फिल्मफेअर’ने या भूमिकेला सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचे पारितोषिक दिले. विनोदी भूमिकेला मुख्य पारितोषिक क्वचितच मिळते. तिच्यासाठी दीर्घकाळ एक निराळे, धाकटे पारितोषिक राखून ठेवलेले असे.

ते धाकटे पारितोषिक त्याच चित्रपटासाठी उत्पल दत्त यांना मिळाले. आमच्या मते चित्रपटाचा खरा खांब तेच आहेत. दत्त हे बंगाली रंगभूमीवरील थोर नट व नाटककार. मृणाल सेन यांच्या ‘भुवन शोम’ (१९६९) मधील करड्या अधिकाऱ्याच्या भूमिकेसाठी त्यांना राष्ट्रीय पुरस्कार लाभला होता. तोच करडेपणा ते भवानीशंकर यांच्यात आणतात. मिशी व चारित्र्य यांचे नाते हा त्यांच्या लेखी थट्टेचा विषय नाही, तो त्यांचा धर्म आहे. आपला सिद्धान्त खरा ठरल्याचे समाधान त्यांच्या चेहऱ्यावर पसरते तेव्हा आपण हसतो. पण तसे सिद्धान्त उराशी बाळगणारे काका, मुख्याध्यापक, आणि हो, एखादे धर्मगुरूही आपल्याला आठवू लागतात! विशेष हे की चित्रपट या गृहस्थाला खलनायक करीत नाही. शेवटच्या कौटुंबिक छायाचित्रात तो स्वतःच बिनमिशीचा बसलेला दिसतो. ज्याच्यावर हसलो त्याला अखेरीस कुटुंबात सामावून घेणारा हा विनोद आहे.

दुसरी शिफारस गुलजार दिग्दर्शित ‘अंगूर’ (१९८२). शेक्सपिअरच्या ‘कॉमेडी ऑफ एरर्स’वर आधारलेली ही कथा. जहाज बुडून ताटातूट झालेल्या जुळ्यांच्या दोन जोड्या, दोन मालक व त्यांचे दोन नोकर, अनेक वर्षांनी नकळत एकाच गावात येतात. दोन्ही मालक अशोक, दोन्ही नोकर बहादूर. दोन्ही मालक संजीव कुमार, दोन्ही नोकर देवेन वर्मा. गावातला अशोक हा संसारी, पत्नीच्या तक्रारींना वैतागलेला, स्वतःच्या घरी निर्धास्त वावरणारा गृहस्थ. बाहेरून आलेला अशोक गुप्तहेरकथा वाचून वाचून मन संशयी झालेला. द्राक्षांचा मळा विकत घेण्यासाठी त्याने सोबत मोठी रक्कम आणली आहे. त्यामुळे अनोळखी स्त्री प्रेमाने ‘घरी चला’ म्हणू लागली की ही नक्कीच लुटारूंची टोळी, असे त्याला वाटते.

येथे पालेकरांसारखी मिशीचीही सोय नाही. संजीव कुमार यांनी सारा भेद नजरेवर तोलला आहे. एकाची नजर समोरच्या माणसावर स्थिर असते, दुसऱ्याची दारे-खिडक्या चाचपत फिरते. प्रसंग सुरू होताच हा कोणता अशोक, हे आपण दोन क्षणांत ओळखतो. पडद्यावरील पत्नीला मात्र ते ओळखता येत नाही, आणि तेही आपल्याला खरे वाटते. सर्व काही समजणारा प्रेक्षक व काहीच न समजणारी पात्रे या दोहोंमधील अंतरातून हा विनोद निर्माण होतो. देवेन वर्मा यांनी दोन्ही बहादूर तितक्याच सरळपणे रंगवले आणि त्यांनाही ‘फिल्मफेअर’चे विनोदी भूमिकेचे पारितोषिक मिळाले. भांग घातलेल्या भज्यांचा एक प्रसंग सोडला तर मद्याच्या धुंदीवर किंवा कोणाच्या व्यंगावर हा चित्रपट विसंबत नाही. संजीव कुमार १९८५ साली, वयाच्या अवघ्या ४७ व्या वर्षी निवर्तले. त्यांच्या गंभीर भूमिकांचे गोडवे आपण गातो. परंतु ‘अंगूर’मधील संशयी अशोक त्यांच्यापेक्षा तसूभरही कमी नाही, असे आम्हांला वाटते.

तिसरा चित्रपट थोड्या मोठ्या मुलांसोबत पाहण्याचा. सई परांजपे यांचा ‘कथा’ (१९८३) हा स. गो. साठे यांच्या ‘ससा आणि कासव’ या मराठी नाटकावरून घेतलेला. मुंबईतील चाळ, तेथील सामाईक नळ, गॅलरीत वाळणारे कपडे आणि एकमेकांच्या घरात डोकावणारे शेजारी, हे सारे वातावरण आपल्या वाचकांपैकी अनेकांनी अनुभवलेले असेल. कासव म्हणजे सज्जन, संकोची कारकून राजाराम (नसीरुद्दीन शाह). ससा म्हणजे त्याच्या खोलीत पाहुणा म्हणून येऊन ठाण मांडणारा, गोड थापा मारून साऱ्या चाळीला भुलवणारा बाशू (फारुख शेख). राजाराम मनोमन संध्येवर (दीप्ती नवल) प्रेम करतो आणि बाशू तिला जिंकतो.

वाटणीतील धाडस पाहावे. स्पर्श करताच ठिणगी पडेल अशा भूमिका करणारे नसीरुद्दीन येथे गप्प बसतात, आणि ‘चश्मेबद्दूर’ (१९८१) मध्ये लाजरा-बुजरा विद्यार्थी झालेले फारुख शेख येथे लबाड होतात. फारुख यांनी आपले ते निरागस हसू मुळीच बदललेले नाही, म्हणूनच बाशू इतका धोकादायक वाटतो. चाळीतील आयाबाया त्याच्यावर विश्वास का ठेवतात, हे पटवून द्यावे लागत नाही. आपणही ठेवलेलाच असतो. नसीरुद्दीन यांचे काम तर अधिकच अवघड. ज्याला बोलता येत नाही त्याचे मन त्यांना दाखवावयाचे आहे. संध्येचे नाव दुसऱ्याच्या तोंडून ऐकताना राजाराम जे कसनुसे हसतो, त्या हसण्यात एका भल्या माणसाची सारी हार सामावलेली आहे.

या चित्रपटात शर्यत ससा जिंकतो. बाशू संध्येला फसवून पसार होतो आणि राजाराम सारे जाणून तिचा स्वीकार करतो. काही पालकांना हा भाग मुलांसमोर अवघड वाटेल. आम्ही मात्र म्हणू की दहावी-बारावीतल्या मुलामुलींनी तो आईवडिलांच्या शेजारी बसून अवश्य पाहावा. गोड बोलणारा प्रत्येकजण भला नसतो आणि फसवल्या गेलेल्या मुलीची किंमत कमी होत नाही, या दोन गोष्टी आमच्या प्रवचनापेक्षा हा चित्रपट अधिक सहज सांगून जातो.

मराठीकडे वळल्यावर ‘अशी ही बनवाबनवी’ (१९८८) टाळून पुढे जाता येत नाही. सचिन पिळगांवकर यांनी दिग्दर्शित केलेला, वसंत सबनीस यांनी लिहिलेला हा चित्रपट महाराष्ट्रातील अनेक घरांना तोंडपाठ आहे. पुण्यात भाड्याची खोली न मिळणारे चार मित्र, केवळ जोडप्यांनाच जागा देणारी घरमालकीण, आणि त्यापायी दोघांना नेसावे लागलेले लुगडे. घराची गरज इतकी खरी की थाप क्षम्य वाटते. सचिन यांची सुधा संयत आहे. लक्ष्मीकांत बेर्डे यांची पार्वती उधळलेली आहे. पुरुष स्त्रीवेषात दिसला एवढ्यावरच हशा वसूल करण्याचा मोह काही प्रसंगांत होतो आणि तेथे चित्रपट आमच्या कसोटीला थोडा कमी पडतो, हे नमूद केले पाहिजे.

तथापि अशोक सराफ व सुधीर जोशी यांचे प्रसंग मात्र अभ्यासासारखे पाहावेत. मधुमेहाच्या औषधासाठी दिलेले आपले सत्तर रुपये बुडाले, हे घरमालक विश्वासराव सरपोतदारांच्या ध्यानात येते तो प्रसंग घ्या. सराफ थाप मारताना पापणीही हलवीत नाहीत, आणि सुधीर जोशी त्या सत्तर रुपयांचा शोक घरातले माणूस गेल्यासारखा करतात. विनोदात बोलणाऱ्याइतकेच ऐकणाऱ्याचे काम मोठे असते, याचा याहून चांगला धडा मराठी चित्रपटांत आम्हांला आढळलेला नाही. लक्ष्मीकांत बेर्डे २००४ मध्ये आणि सुधीर जोशी २००५ मध्ये आपल्यातून गेले. अशोक सराफ यांना २०२३ सालचा महाराष्ट्र भूषण पुरस्कार व २०२५ मध्ये पद्मश्री मिळाली. हसवणाऱ्या नटाच्या गांभीर्याची दखल उशिरा का होईना घेतली गेली, याचा आनंद वाटतो.

येथे आपल्या समाजाच्या जिव्हाळ्याचा एक मुद्दा मांडणे आवश्यक आहे. हिंदी चित्रपटांनी वर्षानुवर्षे ख्रिस्ती माणसाचा एक साचा वापरला : हातात बाटली, मोडकी हिंदी, गळ्यात क्रूस. वसईच्या वाडीत भाजी पिकवणारा, मराठीत प्रार्थना करणारा कॅथलिक त्या पडद्यावर सहसा दिसला नाही. आपल्या मुलांना शाळेत त्या साच्यावरून चिडवले गेले आहे. तेव्हा कोणावर हसावे हा प्रश्न आपल्याला केवळ पुस्तकी नाही. ‘अमर अकबर अँथनी’ (१९७७) मधील अँथनी दारूचा गुत्ता चालवतो, म्हणजे साचा तेथेही आहेच. परंतु मारामारीत जखमी झालेला, दारूच्या नशेत असलेला अँथनी आरशासमोर येतो आणि आरशातील आपल्या प्रतिबिंबालाच मलमपट्टी करू लागतो, तो प्रसंग पाहावा. अमिताभ बच्चन तेथे दारुड्याची नक्कल करीत नाहीत. समोरचा बिचारा जखमी आहे, त्याला मदत केली पाहिजे, एवढेच त्यांच्या मनात आहे. लेखकाने साचा दिला आणि नटाने त्यात माणूस ओतला. गंमत अशी की हे नाव ज्यांच्यावरून आले ते अँथनी गोन्साल्विस हे गोव्याचे व्हायोलिनवादक, संगीतकार प्यारेलाल यांचे गुरू; गुत्त्याशी त्यांचा काडीचाही संबंध नव्हता. म्हणून हा चित्रपट मुलांना दाखवावा, आणि खऱ्या गोन्साल्विस यांच्याविषयीही सांगावे.

ज्या घरात तीन पिढ्यांच्या तीन भाषा झाल्या आहेत, नातवंडे इंग्रजीत आणि आजी वाडवळी वा सामवेदी बोलीत बोलते, तेथे सिंगीतम श्रीनिवास राव यांचा ‘पुष्पक’ (१९८७) लावावा. त्यात एकही संवाद नाही. कमल हासन यांनी रंगवलेला बेकार तरुण एका धनाढ्य मद्यपीला डांबून ठेवून त्याच्या जागी आलिशान हॉटेलात राहू लागतो. तेथील शांततेत त्याला झोप येईना, तेव्हा आपल्या जुन्या खोलीशेजारच्या चित्रपटगृहातील गोंगाट तो ध्वनिफितीवर मुद्रित करून आणतो आणि तो ऐकत गाढ झोपी जातो. गरिबीची सवय हाडांत किती मुरते, हे एका शब्दाविना कळते. डांबलेल्या माणसाच्या मलविसर्जनावरचा विनोद काहींना ओंगळ वाटेल. आम्हांलाही तो लांबलेला वाटला. पण लबाडीने मिळालेले सुख सोडून नायक अखेरीस पुन्हा नोकरीच्या रांगेत उभा राहतो, तेव्हा तो ओंगळपणा आपण विसरलेलो असतो.

शेवटची शिफारस परेश मोकाशी यांच्या ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’ (२००९) या मराठी चित्रपटाची. दादासाहेब फाळके यांनी १९१३ साली प्रदर्शित केलेल्या ‘राजा हरिश्चंद्र’ची ही जन्मकथा. प्रभू येशूच्या जीवनावरील मूकपट पाहून फाळके यांना चित्रपट काढण्याची प्रेरणा झाली, हा इतिहास आपल्या वाचकांना विशेष भावेल. नंदू माधव यांचे फाळके हे एका वेडाने झपाटलेले मूल आहे. घरातील सामान विकताना त्यांच्या डोळ्यांत चिंता नसते, कुतूहल असते. त्या वेडाला जमिनीवर ठेवतात विभावरी देशपांडे यांच्या सरस्वतीबाई. पतीकडे पाहताना त्यांच्या चेहऱ्यावर काळजी व कौतुक एकाच वेळी उमटते. स्त्रीभूमिका करणाऱ्या पुरुषांना मिशी काढावयास लावण्याची दादासाहेबांची धडपड पाहताना ‘गोलमाल’ची हमखास आठवण येते. फाळके कुटुंबाने सोसलेल्या हालअपेष्टांची धार दिग्दर्शकाने बरीच बोथट केली, असा आक्षेप घेता येईल व तो अगदीच गैरलागू नाही. तरी नवराबायको आणि मुले मिळून एखादे काम आनंदाने कसे तडीस नेतात, याचे इतके प्रसन्न चित्र आमच्या पाहण्यात विरळाच आले आहे.

क्रम विचाराल तर लहान मुलांच्या घरांनी ‘गोलमाल’ व ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’ यांपासून आरंभ करावा, ‘अंगूर’ व ‘बनवाबनवी’ सुट्टीसाठी ठेवावेत आणि मुले मोठी झाल्यावर ‘कथा’ व ‘पुष्पक’ यांच्याकडे जावे.

संत थॉमस अक्वायनस यांनी योग्य मर्यादेतील खेळकरपणा हा सद्गुण मानला आहे. त्याचा अतिरेक जसा दोष, तसाच त्याचा अभावही दोष, असे त्यांचे प्रतिपादन आहे. तेव्हा घरात हशा पिकू द्यावा, त्याबद्दल संकोच नसावा. चित्रपट संपल्यावर मुलांना एवढेच विचारावे : आपण आज कोणाला हसलो, आणि तो माणूस आपल्या दारात आला तर त्याला बसायला खुर्ची द्यावीशी वाटेल का? भवानीशंकरांना, राजारामला, विश्वासरावांना ती द्यावीशी वाटते. ज्या चित्रपटानंतर मुले ‘नाही’ म्हणतील, तो पुन्हा लावू नये.